निबंधात चालतं का?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरली होती. साल २०२१. चिपळूणच्या एका शाळेत दहावीला मराठी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर विषय लिहिला, ‘पूरग्रस्ताचे मनोगत’. द्यावा की नको, असं त्यांचं दोन दिवस चाललं होतं. २२ जुलैला वाशिष्ठी नदी गावात शिरली त्याला चार-साडेचार महिने झाले होते, पेठेतल्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून दिसत होती. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांच्या घरात पाणी गेलेलं. पण विषय परीक्षेच्या अपेक्षितांच्या यादीत वर्षानुवर्षं असतो, आणि यंदा तर तो येणारच असं जो तो सांगत होता. दिला.

वह्या तपासताना एका वहीपाशी त्या अडल्या. निबंधात एकही चूक नव्हती. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा जागच्या जागी. आभाळ फाटलं होतं, निसर्ग कोपला होता, होत्याचं नव्हतं झालं होतं, संसार उघड्यावर पडला होता आणि शेवटच्या परिच्छेदात वृक्षतोड थांबवण्याचं आवाहन होतं. पुण्यातल्या किंवा परभणीतल्या कुठल्याही मुलानं लिहावा असा निबंध. हा मुलगा मात्र पेठेतला, तळमजल्यावर राहणारा. बाईंनी त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं.

“तुमच्याकडे पाणी कुठवर आलं होतं रे?”

“पंख्याला चिखल लागलेला, बाई.”

“टेबलफॅनला?”

“नाही, छताच्या. तिन्ही पाती भरलेली. आणि फ्रिज ओट्यावर जाऊन आडवा पडलेला. आई म्हणाली, ह्याला वर कोणी उचलून ठेवला?”

“मग हे का नाही लिहिलंस?”

मुलगा गोंधळला. बाई आपली परीक्षा घेतायत की काय, असं त्याला वाटलं असावं. “ते निबंधात चालतं का?” त्यानं विचारलं.

अठ्ठावीस वर्षं निबंध शिकवलेल्या बाईंना चटकन उत्तर देता आलं नाही. “बघू,” असं काहीतरी बोलून त्यांनी वही परत दिली आणि स्टाफरूममध्ये येऊन गार झालेला चहा प्यायला.

दहावीच्या मराठीची, म्हणजे कुमारभारतीची, कृतिपत्रिका ८० गुणांची, वेळ ३ तास. उपयोजित लेखनाचे २४ गुण, त्यातले ८ शेवटच्या निबंधाचे. प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक, कोणतंही एक. शब्द १०० ते १२०. हिशेब केला तर आठ गुणांना अठरा मिनिटं येतात, पण ती कागदावर. हा प्रश्न पत्रिकेच्या अगदी टोकाला. तिथं पोचेपर्यंत मुलाच्या हातात दहा मिनिटं उरतात आणि बोटं आखडलेली असतात. काही शिक्षक म्हणूनच पाचवा विभाग आधी सोडवायला सांगतात. बाईही सांगत. त्या वर्षी तर मुलांचा हातच चालत नव्हता. दीड वर्ष शाळा मोबाइलवर झालेली, २०२१ची बोर्डाची परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागलेला. पुढच्या, म्हणजे या मुलाच्या बॅचला मंडळानं लेखी पेपरला अर्धा तास वाढवून दिला, तो उगाच नव्हे.

या दहा मिनिटांत मुलानं आठवायचं कधी आणि लिहायचं कधी? म्हणून पाठांतर. म्हणून साचा. बाईंना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, कारण साचा बनवण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं.

त्यांची एक वही होती, साठ पानी. विषयवार सुरुवाती, विषयवार शेवट, मधल्या सांध्यांना लागणारी वाक्यं. क्लासवाल्यांच्या नोट्स त्यांना भरड वाटत. एका क्लासचे सर मुलांना एकच निबंध पाच विषयांना बसवायला शिकवतात, नदीच्या जागी झाड घाला, झाडाच्या जागी पुस्तक, हे ऐकून त्या स्टाफरूममध्ये खूप हसल्या होत्या. त्यांची वाक्यं घोटीव होती. आत्मकथनासाठी एक खास सुरुवात होती: “पान गळताना आवाज होत नाही, पण त्या दिवशी मला तो ऐकू आला.” मग जुना वाडा, फाटकं पुस्तक, पडका किल्ला, जे काय असेल ते बोलू लागायचं. ते वाक्य त्यांना एका रात्री दोन वाजता सुचलं होतं. ते आपलं आहे याचा त्यांना अभिमान होता. नवऱ्याला त्यांनी त्याच रात्री उठवून ऐकवलं होतं.

२०१९च्या मार्चमध्ये दहावीची नवी कृतिपत्रिका पहिल्यांदा आली. त्या उन्हाळ्यात बाईंकडे तपासायला आलेल्या एका गठ्ठ्यात हे वाक्य चार उत्तरपत्रिकांमध्ये निघालं. उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, शाळा कळत नाही. पण गठ्ठा आपल्या भागातला नाही हे परीक्षकाला इतर खुणांवरून उमगतंच. वाक्य कुठून कुठं गेलं होतं कोण जाणे. एखाद्या विद्यार्थ्याच्या मामेभावामार्फत, एखाद्या क्लासच्या झेरॉक्समधून. बाईंनी चौघांनाही एक सोडून सगळे गुण दिले.

नियामकांनी विचारलं, “चौघांची सुरुवात शब्दशः एक आहे. सामूहिक कॉपीचं प्रकरण नाही ना?”

“वाक्य चांगलं आहे,” बाई म्हणाल्या.

ते आपलंच आहे, हे मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही. लाज वाटली म्हणून नव्हे. सांगितलं असतं तर गुण कमी करावे लागले असते, आणि त्या वाक्याला पाच पडलेले त्यांना बघवले नसते.

तर अशा बाईंना एका मुलानं विचारलं होतं, पंखा चालतो का. त्यांनी ते मनावर घेतलं. त्याला पुन्हा लिहायला सांगितलं, पंखा आणि फ्रिज घालून. दोन दिवसांनी वही आली. “आमच्या घरातील पंखासुद्धा चिखलाने माखला होता व फ्रिजही ओट्यावर आडवा झाला होता. खरोखर, निसर्गापुढे मानव किती क्षुद्र आहे!” पंखा आला होता, पण भाड्यानं आणलेल्या खुर्चीसारखा. आईचं वाक्य गायब. बाईंनी विचारलं, “ह्याला वर कोणी उचलून ठेवला, हे कुठं गेलं?” मुलगा म्हणाला, “ते हसण्यासारखं आहे ना. पूरग्रस्त हसत नाहीत.”

मग बाईंना एक कल्पना सुचली, आणि आपल्या कल्पनेवर त्या खूश झाल्या. हीच त्यांची जुनी खोड. पंख्याचं आत्मवृत्तच लिही, त्या म्हणाल्या. पुरात बुडालेला पंखा बोलतोय. परीक्षकानं असा निबंध कधी पाहिलेला नसेल. मुलानं लिहून आणलं. पहिलं वाक्य होतं: “माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला.” पुढे बालपण, दुकानातले सुखाचे दिवस, मालकाचं प्रेम, पूर, आणि शेवटी “माझे हे मनोगत ऐकून तुम्ही बोध घ्यावा.” बाईंनी कपाळाला हात लावला. आत्मवृत्ताची सुरुवात जन्मापासून करायची, हे वर्गात त्यांनीच शिकवलेलं होतं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी वही बाजूला ठेवायला लावली. “मला नुसतं सांग,” त्या म्हणाल्या, आणि मुलगा बोलत गेला तसतसं त्या लिहीत गेल्या. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर रेंदा. आजोबा म्हणत होते, पाच सालच्या पुरात एवढं नव्हतं. बटण दाबून बघू नको म्हणून आई ओरडली, कारण धाकट्या बहिणीला पंखा फिरतो का ते बघायचं होतं. शेजारच्यांच्या माळ्यावर काढलेली रात्र. मोजले तर नव्वद शब्द झाले. बाईंनी कागद त्याच्याकडे दिला आणि सवयीनं लाल पेनानं ‘रेंदा’ला गोल करून वर ‘चिखल’ लिहिलं. मुलगा काही बोलला नाही. रात्री जेवताना त्यांना ते आठवलं. गेल्या अठ्ठावीस वर्षांत असे किती रेंदे त्यांनी खोडले असतील, याचा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता.

निबंधाच्या बाबतीत बाई इतिहासात शिरल्या की त्यांना आवरणं कठीण. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली, सात वर्षांत ८४ अंक काढले. ते स्वतः शाळामास्तर होते, काही काळ इथं जवळच रत्नागिरीच्या सरकारी शाळेत. आडनाव तर गावाचंच. आज मुलांना निबंधमाला म्हटलं की परीक्षेचं गाइड आठवतं, याचं बाईंना वाईट वाटतं. पण वर्गात त्या दाखला देतात तो चिपळूणकरांच्याही आधीचा. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे, फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेतली विद्यार्थिनी. विषय, मांग-महारांचं दुःख. त्यात धर्माला विचारलेले मोठे प्रश्न आहेत, पेशव्यांच्या राज्यातल्या छळाचं वर्णन आहे. बाई थांबतात त्या बाळंतिणींपाशी. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं, थंडी-पाऊस-वारा अंगावर येतो, असं ती मुलगी लिहिते. तिनं ते पाहिलेलं आहे, हे वाचणाऱ्याला पटायला दुसरा पुरावा लागत नाही.

त्या डिसेंबरात बाईंनी हा निबंध वर्गात मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, “बाई, ह्याला आठपैकी किती?” वर्ग हसला. बाईंनी मनातल्या मनात गुणदान केलं. शब्दमर्यादा ओलांडलेली. पाठ केलेला सुविचार नाही. शेवटी समाजाला गोड आवाहन नाही. एप्रिलच्या उकाड्यात, दिवसाचा कोटा संपवायच्या घाईत, आपण पाच दिले असते. त्यांनी वर्गाला तसं सांगितलं नाही. “आठ,” म्हणाल्या.

हल्ली स्टाफरूममध्ये चॅटजीपीटीवर वाद होतात. मुलं घरचा निबंध त्याच्याकडून उतरवून आणतात, अशी तक्रार असते. बाईंचं म्हणणं वेगळं आहे. त्यांनी एकदा त्याला पूरग्रस्ताचं मनोगत लिहायला सांगितलं. निसर्ग तिथंही कोपलेलाच होता. “हे आपल्याकडूनच शिकलंय,” त्या सहकाऱ्यांना म्हणाल्या. कोणाला ते फारसं आवडलं नाही. क्लासेसना आणि गाइडांना नावं ठेवणं त्यांनी आता कमी केलंय. साचा मुलांना लागतो, नापासाच्या काठावरच्या मुलाला तर तो तारतो, हे त्या मान्य करतात. शेतमजुराच्या ज्या मुलाला घरी मराठीचं एकही पुस्तक नाही, त्याला “तुला जे वाटतं ते लिही” सांगणं ही त्यांना चैन वाटते. फक्त साच्यात एक खोली रिकामी ठेवता येईल का, एवढ्यावर त्या अडकून बसल्या आहेत.

कारण पेठेतल्या त्या मुलाच्या पुढच्या वर्षी काय झालं ते त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. २०२२-२३च्या बॅचला त्यांनी मोठ्या उत्साहानं पंख्याची गोष्ट सांगितली. स्वतः पाहिलेली एक वस्तू निबंधात आणा, म्हणाल्या. पूर्वपरीक्षेत पूरग्रस्ताचं मनोगत निवडलेल्यांपैकी सात जणांच्या घरात पंख्याला चिखल लागला होता. त्यांतली एक मुलगी राहते डोंगरावरच्या वाडीत. तिथं पाणी पोचायचं तर आधी अख्खं गाव बुडायला हवं. बाईंनी विचारलं, तर ती म्हणाली, “तुम्हीच सांगितलंत ना, पंखा घाला म्हणून.”

त्यानंतर त्यांनी वस्तू सांगणं बंद केलं. नुसतं विचारायला लागल्या: घरी पाणी आलं तेव्हा तुझ्या हातात काय होतं? बाबांच्या चपला कुठं मिळाल्या? मुलं उत्तरं देतात, भरभरून देतात. लिहायला बसली की उत्तरं आटतात. तोंडी आलेलं कागदावर का उतरत नाही, हे कोडं बाईंना चार वर्षांत सुटलेलं नाही. कधी त्यांना वाटतं, दोष अठरा मिनिटांचा. कधी वाटतं, लाल पेनाचा. गेल्या वर्षी त्यांनी तपासायला हिरवं पेन घेऊन पाहिलं. फरक पडला नाही.

पेठेतल्या त्या मुलानं मार्च २०२२च्या पेपरात कोणता निबंध लिहिला, हे बाईंना ठाऊक नाही. पेपर सुटल्यावर भेटला तेव्हा “बरा गेला” म्हणाला. मराठीत चांगले गुण मिळाले. आता तो पुण्यात नोकरी करतो आणि गणपतीत घरी आला की भेटून जातो. पंख्याचा विषय दोघंही काढत नाहीत.

बाई येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत. मागच्या आठवड्यात निवृत्तीच्या कागदपत्रांच्या प्रती काढायला त्या स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या होत्या. काउंटरवर दहावीच्या ‘अपेक्षित निबंधां’चा स्पायरल केलेला गठ्ठा पडला होता. चाळला. तिसऱ्या पानावर पान गळत होतं आणि त्याचा आवाज ऐकू येत होता. नवव्या पानावर, पूरग्रस्ताच्या मनोगतात, छताच्या पंख्याची तिन्ही पाती चिखलानं भरली होती. ‘रेंदा’ कुठेच नव्हता. दुकानदारानं किंमत चाळीस रुपये सांगितली. बाईंनी एक प्रत विकत घेतली.