दुखत न्हाई, भरून आलंय

तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. महिन्यातून दोनदा आसपासच्या वाड्यावस्त्यांवर मी हृदयविकाराविषयी बोलायला जातो. सुरुवातीची काही वर्षं मी झटक्याचं लक्षण म्हणून 'छातीत तीव्र वेदना' असं सांगायचो. पुस्तकात तसंच होतं.

एकदा पहाटे चारला एका शेतकऱ्याला जीपमधून आणलं. पन्नाशीतला गडी, सदरा घामानं चिंब. "दुखतंय का?" मी विचारलं. "दुखत न्हाई डॉक्टर. छाती भरून आलीया, वर जातं ठेवल्यागत." ईसीजीत झटका स्पष्ट होता. त्रास रात्री दहाला सुरू झालेला. गॅस समजून त्यानं सोडा प्यायला, ओवा चावला, बायकोनं छातीला तेल चोळलं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा खरा उपयोग पहिल्या दोन-तीन तासांत होतो. इथं सहा गेले होते. तो वाचला, पण हृदय कायमचं अधू झालं. आणि पंधरवड्यापूर्वीच तो माझ्या कार्यक्रमात पुढं बसला होता. त्यानं माझं नीट ऐकलं होतं. दुखत नव्हतं, म्हणूनच तो घरी थांबला. चूक माझ्या शब्दाची होती.

तेव्हापासून मी बोलण्याआधी विचारतो: घरात कुणाला झटका आला होता का? तेव्हा ते काय म्हणाले? छाती आवळली, दडपण आलं, जबडा ओढला, डावा हात जड झाला. एका आजींना नुसती धाप लागली होती आणि मळमळत होतं. बायकांत आणि मधुमेहींत असं बऱ्याचदा होतं. हेच शब्द मी पुढच्या गावात वापरतो.

मिठाचंही तसंच. दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण चुलीपुढं ग्रॅम कोण मोजतं? म्हणून बचत गटाच्या बैठकीत मी विचारतो, मिठाचा किलोचा पुडा किती दिवस जातो? "वीस-बावीस." घरात माणसं किती? "चार." मग हिशेब त्याच करतात: चौघांना तो पन्नास दिवस तरी पुरायला हवा. मागच्या खेपेला एक बाई मध्येच म्हणाल्या, "आन् पापड-लोणच्याचं मीठ ह्यात धरलंच न्हाई की!" माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा ते वाक्य बायकांनी जास्त लक्षात ठेवलं.

बीपीच्या गोळीबद्दल एवढंच सांगतो: बीपी ताब्यात आहे ते गोळी चालू आहे म्हणून. बरं वाटलं तरी मनानं बंद करू नका.

तुम्हालाही सांगतो. छाती भरून आली, आवळली, घाम फुटला, तर दुखायची वाट पाहू नका. सोडा पिऊन पडून राहू नका, स्वतः गाडी चालवत निघू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजी निघेल तिथं लगेच पोचा. गॅसच निघाला तर तुम्हाला घरी पाठवताना कुठल्याही डॉक्टरला आनंदच होईल.