पाच मिनिटांची कोंबडी

ईस्ट हॅमच्या त्या घरात आम्ही सात डॉक्टर राहायचो आणि एकालाही साधी पॅरासिटामॉल लिहून द्यायचा अधिकार नव्हता. साल 2005. मिरजेच्या मेडिकल कॉलेजची पदवी, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं 'गुड स्टँडिंग'चं सर्टिफिकेट, आयेल्ट्सचे गुण, असं सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी लंडनला आलो होतो. आमच्या गावचे एक डॉक्टर साठच्या दशकात विलायतेला गेले ते निव्वळ पदवीच्या जोरावर. पुढे 1975 मध्ये तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली आणि परीक्षा आली. आमच्या वेळी तिचं नाव प्लॅब. पहिला भाग लेखी, तो भारतातच देता येई. दुसरा लंडनमध्ये: या खोलीतून त्या खोलीत जायचं, दर खोलीत नवा प्रसंग, कुठे प्लास्टिकचा हात, कुठे रोगी झालेला नट, आणि हाताशी फक्त पाच मिनिटं.

मी पहिल्या फटक्यात नापास झालो.

माझ्या खोलीतला दुसरा पलंग लाहोरच्या एका डॉक्टरचा होता. वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला भाईजान म्हणायचे. तो परीक्षा केव्हाच पास झाला होता. पण पास झालं म्हणजे नोंदणी झाली असं नव्हतं. तेव्हा मिळायचं ते लिमिटेड रजिस्ट्रेशन, आणि तेही नोकरीची ऑफर हातात असेल तरच. नोकरी देणारे विचारायचे, इथला अनुभव आहे का? ही गोम ज्याने बसवली तो बहुधा कधी रांगेत उभा राहिला नसावा. मग अनुभव म्हणून भाईजान बिनपगारी क्लिनिकल अटॅचमेंट करायचा, म्हणजे डॉक्टरांच्या मागे हात बांधून फिरायचं. रात्री शेकड्याने अर्ज. दुपारी आम्ही मुरुगन मंदिरात प्रसादाच्या भाताला. सांबाराला तो 'खट्टी दाल' म्हणायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा.

माझा निकाल कळला त्या संध्याकाळी त्याने एका पाऊंडाच्या दुकानातून कोंबडीच्या आकाराचं टायमर आणलं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तो रोगी झाला. "मला कॅन्सर आहे का, डॉक्टर?"

"काळजी करू नका, सगळं ठीक होईल," मी म्हणालो.

त्याने कोंबडी हाताने फिरवून टर्रर्र वाजवली. "फेल. किसने कहा ठीक होगा?"

मिरजेत आम्ही मुलाला व्हरांड्यात बोलावून खरं सांगायचो आणि आत येऊन म्हाताऱ्याच्या खांद्यावर थोपटायचो. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. इथे म्हाताऱ्यालाच सांगायचं, आणि सांगून झालं की गप्प बसायचं. ते गप्प बसणं मला जमेना. तीन सेकंद झाले की मी औषधांची नावं घ्यायला लागायचो. तो स्टुलावरून नुसता पाहत राहायचा. दोन महिने, रोज रात्री, त्याच्या अर्जांच्या वेळेतून. पुन्हा बसण्याच्या फीला दोनशे पाऊंड कमी पडले, तेही त्यानेच दिले. पाऊंड तेव्हा ऐंशी रुपयांच्या आसपास होता.

या वेळी पास झालो. नंतर त्यानेच सांगितलं, तो जिथे अटॅचमेंट करत होता तिथे वृद्धांच्या वॉर्डातला एक एसएचओ, म्हणजे कनिष्ठ डॉक्टर, सोडून चाललाय. दोघांनी अर्ज केला. जागा मला मिळाली. का, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या रात्री भांडी घासायची पाळी माझी होती, पण तो आधीच सिंकपाशी उभा होता.

मार्च 2006 मध्ये सरकारने जाहीर केलं की एप्रिलपासून युरोपाबाहेरच्या डॉक्टरांना प्रशिक्षणाच्या जागेसाठीही वर्क परमिट लागेल. म्हणजे आधी त्यांची माणसं, उरलं तर आम्ही. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची बापिओ ही संघटना कोर्टात गेली आणि आरोग्य खात्याच्या एका सूचनेविरुद्ध 2008 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जिंकली. तोवर भाईजान लाहोरला परतून दोन वर्षं होत आली होती.

हीथ्रोवर मी दोनशे पाऊंडांचं पाकीट त्याच्या हातात ठेवलं. त्याने तिथेच नोटा मोजल्या आणि खिशात टाकल्या. नको-नको म्हणाला असता तर मला जास्त अवघड गेलं असतं. कोंबडी मात्र नेली नाही. "ती तुझ्या पुढच्या भाडेकरूला लागेल," म्हणाला.

सध्या आमच्या वरच्या खोलीत लातूरची एक मुलगी आहे. परीक्षा आता मँचेस्टरला होते आणि एका प्रसंगाला आठ मिनिटं मिळतात. पास होऊन नोकरीशिवाय बसलेली मुलं पुन्हा दिसू लागली आहेत, तिलाही ते ठाऊक आहे. जेवणं झाली की मी स्टुलावर बसतो. कोंबडीची स्प्रिंग सैल झालीय, पाचवर लावली तर चारातच ओरडते. म्हणून दोनदा पिळतो.