रतलभर धान्य

शाळेच्या पुस्तकात लॉर्ड लिटन दोन-चार ओळींत उरकतो: दिल्ली दरबार, देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी, दुसरं अफगाण युद्ध. व्हाइसरॉय होण्याआधीचा हा माणूस कोण होता, हे मला जाणून घ्यावंसं वाटत आलं, कारण त्याच्या अमलात आपल्या मुलखातली माणसं अन्नान्न करून मेली.

रॉबर्ट बुलवर-लिटनचा जन्म १८३१चा. वडील एडवर्ड नामांकित कादंबरीकार. नवरा-बायकोचं वैर इतकं विकोपाला गेलं, की १८५८ साली एडवर्डनं बायकोला वेड्यांच्या इस्पितळात डांबलं. लोकांनी ओरड केली, ती सुटली आणि तिला घेऊन परदेशी गेला तो हाच मुलगा. म्हणजे दुःख त्याला परकं नव्हतं. ओवेन मेरेडिथ या टोपणनावानं तो कविता लिहायचा, आणि त्या खपायच्याही. काकांच्या हाताखाली वॉशिंग्टनला उमेदवारी करून पुढं फ्लॉरेन्स, पॅरिस, व्हिएन्ना, लिस्बन अशा वकिलातींत त्यानं पंचवीसेक वर्षं काढली. समोरच्याचा मानपान राखत त्याच्या मनातलं काढून घेणं, हा त्याचा धंदा. पण ते कसब दिवाणखान्यात बसलेल्यांपुरतंच होतं, असं मला वाटतं.

१८७६ साली पंतप्रधान डिझरायलीनं त्याला व्हाइसरॉय करून हिंदुस्थानात धाडलं आणि त्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस दगा देऊन गेला. १ जानेवारी १८७७ला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर करण्याचा थाट झाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, तिथं खादी नेसून गेले होते. तेव्हा सोलापूर, नगर, कलादगीकडं विहिरी आटल्या होत्या, गुरं मरत होती. धान्याच्या भावात सरकारनं हात घालू नये, हे लिटनचं धोरण. धान्य परदेशी जातच राहिलं. खर्चाला आळा घालायला त्यानं रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला पाठवलं. टेंपलनं दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी ठरवली: दिवसाला रतलभर धान्य आणि एक आणा. रतल म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. उन्हात खडी फोडणाऱ्या माणसाला एवढं पुरेल, हे ठरवणाऱ्यांनी कधी खडी फोडली होती? मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम टाकून निघाले. सार्वजनिक सभेनं गावोगावची हकिकत गोळा करून सरकारपुढं मांडली. अर्जावर अर्ज गेले. ती माणसं लिटनच्या दिवाणखान्यात कधी आलीच नाहीत.

१८९१ साली तो पॅरिसला राजदूत असतानाच वारला. त्याची मुलगी कॉन्स्टन्स, जन्म व्हिएन्नाचा, बालपणातली काही वर्षं हिंदुस्थानातली. पुढं ती बायकांच्या मताधिकाराच्या लढ्यात उतरली. १९०९ साली न्यूकॅसलच्या तुरुंगात तिनं अन्न सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी तिचं हृदय तपासलं आणि सरकारनं तिला लगेच सोडून दिलं. ही मेहेरबानी आपल्या घराण्याच्या नावाला आहे, हे तिनं ओळखलं. दुसऱ्या वर्षी केस कापून, साधे कपडे चढवून, जेन वॉर्टन नावाची शिवणकाम करणारी बाई होऊन ती लिव्हरपूलला पकडली गेली आणि तिनं पुन्हा उपास धरला. या वेळी हृदय कुणी तपासलं नाही. घशात नळी घालून तिला बळजबरीनं खाऊ घातलं, एकदा नव्हे, पुनःपुन्हा. खरं नाव कळल्यावर मात्र सुटका झाली. पुढं अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात गेला, तेव्हा तिनं डाव्या हातानं तुरुंगाची सगळी हकिकत लिहून काढली. ते पुस्तक १९१४ साली छापलं गेलं.