आचारी की आचार्य? एका रूपांतराची कथा

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख आणि मोडी दप्तरे डोळ्यांसमोर येतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची संगणकीय फाइल त्या यादीत सहसा नसते. आजचा धागा अशाच एका फाइलीविषयी आहे.

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतील एका घराण्याचे मोडी दप्तर २०१९ च्या महापुरात नष्ट झाले. त्यातील हिशेबाच्या कागदांचे लिप्यंतर एका शिक्षकांनी नव्वदच्या दशकात करून ठेवले होते आणि ते संगणकावर टंकित करवून घेतले होते. कागद गेले, फाइल उरली. राजारामपुरीत राहणाऱ्या एका संशोधक विद्यार्थिनीने ती उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे आणि चित्रविचित्र चिन्हे यांचा नुसता चिखल दिसत होता.

इस्की हे भारतीय लिप्यांचे मानक (आयएस १३१९४) १९९१ मधले. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. परंतु डीटीपीच्या दुकानांत चलती होती ती खाजगी फॉन्टांची. त्यांत नागरी अक्षराला स्वतःचा संकेतांक नसे. रोमन अक्षराच्या जागी नागरी आकृती बसवलेली असे. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो.

तिने टर्मिनल उघडून ‘आयकॉन्व्ह’ ही आज्ञा चालवली. एका संकेतप्रणालीतील मजकूर दुसरीत नेणारे हे जुने, भरवशाचे साधन. त्याने क्षणात काम संपवले, एकही त्रुटी दाखवली नाही आणि चिखलाचे युनिकोडमधील चिखलात बिनचूक रूपांतर करून दिले! त्याच्या लेखी ती अक्षरे रोमनच होती. मराठी होती ती केवळ फॉन्टात.

मग तक्ता आला: कोणत्या चिन्हाजागी कोणते नागरी अक्षर. नुसता तक्ताही पुरत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून जुन्या फॉन्टांत ती आधी टंकली जाई. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी ‘स्थ’ हे अख्खे जोडाक्षर ओलांडून मागे न्यावी लागते. रफाराचा प्रवास याच्या उलट: ‘कर्म’ मध्ये तो ‘म’ नंतर टंकलेला असतो, त्याला ‘म’ च्या आधी आणावे लागते. छोट्या स्क्रिप्टने हे सारे साधले. पाने वाचता येऊ लागली.

येथेच थांबण्याचा मोह कोणालाही झाला असता. तिने मात्र उलट तक्ता लावून नवा मजकूर पुन्हा जुन्या रूपात नेला आणि ‘डिफ’ या आज्ञेने मूळ फाइलीशी ताडून पाहिला. मोजक्या काही ओळी जुळेनात. त्यांतील एक मुदपाकखान्याच्या खर्चाची होती: ‘आचार्यास तांदूळ’.

मुदपाकखान्यात आचार्य कोठून आले? उसना घेतलेला तक्ता हिंदीसाठी केलेला होता. मराठीतील आडवा अर्धा ‘र’ हिंदीत नाही. तक्त्याने तो सरळ रफारात मिसळला होता. मूळ शब्द होता ‘आचाऱ्यास’. पगारी स्वयंपाक्याचा शिधा एखाद्या विद्वानाची दक्षिणा ठरला असता आणि त्यावरून घराण्याच्या विद्याश्रयावर कोणी एक परिच्छेदही लिहिला असता.

यातला आणखी एक पेच असा, की युनिकोडमध्ये हा अर्धा ‘र’ दोन रीतींनी लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखे. शोध घेताना मात्र एक दिला तर दुसरा सापडेलच असे नाही. तिने एकच रीत ठरवून ती फाइलीच्या आरंभी नोंदवली.

ऱ्हस्व-दीर्घाचे काय, हा प्रश्न उरलाच. मोडीत सहसा हा भेद पाळला जात नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकसारखेच लिहिले जातात. म्हणजे फाइलीतील प्रत्येक वेलांटी हा त्या शिक्षकांचा निर्णय होता. पहिले रूपांतर संगणकाने नव्हे, त्यांनीच केले होते, आणि ते ताडून पाहायला आता मूळ कागद नाही. मोडीला स्वतःचे संकेतांक मिळाले ते २०१४ मध्ये, युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत.

वेलांट्यांना तिने हात लावला नाही. जुनी, वाचता न येणारी फाइलही तिने जशीच्या तशी, नव्या फाइलीशेजारी ठेवली आहे.