फळीमागची नौका

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून नदीकडे उतरले, की फेरीबोट मिळते आणि मांडवी ओलांडून आपल्याला दिवाडी बेटावर सोडते. पाहुणे बहुधा टेकडीवरचे चर्च पाहून परततात. मी मात्र तेथे दोन दिवस राहिलो तो भाच्यापायी. शिडाच्या नौकांत विजेची उपकरणे बसवणे हा त्याचा धंदा. "मामा, वर्गात समुद्राच्या कविता शिकवता, एकदा नौकेच्या पोटात तरी शिरून पाहा," असे तो मला कित्येक दिवस ऐकवीत होता.

शिडाच्या नौका दिवाडीला नव्या नाहीत. २००९-१० साली दिलीप दोंदे ज्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती याच बेटावर बांधलेली. आमची नौका तिच्यापुढे धाकटी, अडतीस फुटांची. मुंबईचे एक निवृत्त गृहस्थ सपत्नीक तिच्यातून लक्षद्वीपला जायला निघाले होते. वाटेत मोठ्या जहाजांची वर्दळ. म्हणून आपली जागा त्यांना कळवणारे आणि त्यांची आपल्याला दाखवणारे 'एआयएस' यंत्र बसवायचे होते.

आत शिरलो तो काय, सागवानी फळ्यांनी मढवलेला जणू एखादा दिवाणखानाच! एकही खिळा दिसेना. मालकांचा जीव त्या फळ्यांत अडकलेला. "पूर्वीचे लोक कुठे घेत होते असली यंत्रे?" असे म्हणत त्यांनी 'सुहेली'चा दाखला दिला. मुंबईत बांधलेल्या त्या बत्तीस फुटी नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ साली कोठेही न थांबता एकटे जग फिरून आले.

"अहो, पण त्यांचा रेडिओ वाटेतच बंद पडला होता," बाई शांतपणे म्हणाल्या. "ते महिने कसे गेले, ते त्यांच्या घरच्यांना विचारा."

काम सुरू झाले.

फळ्या बसवणारे वृद्ध सुतारमेस्त मुद्दाम बोलावले होते. घाई करणाऱ्या भाच्याला त्यांनी हातानेच मागे सारले. फळीवर बोट फिरवून एक बारीक वर्तुळ दाखवले. ते स्क्रूवर बसवलेले लाकडी बूच होते. त्यात मधोमध लहान भोक पाडून मेस्तांनी दुसरा स्क्रू पिळला. त्याचे टोक आतल्या स्क्रूच्या डोक्याला टेकताच बूच आपसूक वर आले. मग हलक्या हाताने फळी सुटली. प्रत्येक फळीमागे पेन्सिलीचा आकडा, प्रत्येकीचे स्क्रू वेगळ्या पुडीत. आमच्या परीक्षाविभागातही इतकी शिस्त मी पाहिलेली नाही!

फळीमागे दुसरीच नौका होती: फायबरग्लासची खरखरीत भिंत, मिठाचे पांढरे ओघळ, तारांची जुडी. सुकाणू आपोआप धरणाऱ्या यंत्राचे होकायंत्र भाच्याने मागच्या बाजूला हलवले; ठरलेल्या जागेशेजारी रेडिओचा कर्णा होता आणि त्यातल्या लोहचुंबकाने होकायंत्राला चकवले असते.

तो एकाएकी थांबला. डोलकाठीच्या टोकावरच्या दिव्याची तार त्याने जराशी ओढली आणि ती सांध्यातून तुटून हातात आली. काठीवरून झिरपलेले पाणी सांध्यात साचून आतले तांबे हिरवे पडले होते. आदल्याच संध्याकाळी तो दिवा लख्ख पेटला होता. मालक खाली बसले. यंत्रासाठी फळी निघाली नसती, तर ही तार भर समुद्रात, बहुधा रात्रीच, तुटली असती.

"आता सगळ्या काढा," ते म्हणाले.

त्यात आणखी दीड दिवस गेला. जुन्या तारा काढून कल्हईच्या नव्या घातल्या. खाऱ्या हवेत त्या अधिक टिकतात. सांध्याजवळ प्रत्येक तारेला खाली झोळ दिला, म्हणजे आलेले पाणी तिथूनच ठिबकते.

तारा ओढायला एक सुती दोरी मात्र नळीत आधीच होती. कुणी ठेवली म्हणून विचारले, तर मेस्त नुसते हसले. काम संपल्यावर त्यांनी नळीतून कोरी दोरी ओवली, तिला गाठ मारली आणि सात नंबरची फळी मागितली.