पगार, वाटा आणि एक चिठ्ठी

‘पगार’ हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून, म्हणजे समुद्रमार्गे आला. शब्दसंपत्तीचा घटक शिकवताना मी हे दरवर्षी सांगते आणि मिरकरवाड्यातून येणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर किंचित हसू उमटते. कारण समुद्राकाठच्या त्यांच्या वस्तीत कमाईचा खरा शब्द ‘पगार’ नसून ‘वाटा’ आहे. नौका बंदराला लागते, मासळीचा लिलाव होतो, डिझेल-बर्फाचा खर्च वजा होतो आणि उरलेल्यातून मालक, तांडेल, खलाशी यांचे वाटे पडतात. काही नौकांवर खलाशी महिन्याच्या बोलीवरही असतात, पण हिशेबाची भाषा वाट्याचीच राहिली आहे. पगार एकट्याचा असू शकतो. वाटा म्हटले की इतरांचे वाटेही मोजावे लागतात. प्राध्यापकांच्या वेतनाचा वाद निघाला की मला हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात.

सहाव्या वेतन आयोगाच्या अनुषंगाने राज्याने १२ ऑगस्ट २००९ रोजी शासन निर्णय काढला आणि ‘अधिव्याख्याता’ हे आमचे भारदस्त नाव जाऊन ‘सहायक प्राध्यापक’ आले. नवी श्रेणी १ जानेवारी २००६ पासून लागू झाल्याने थकबाकी साचली. तिच्यातला ८० टक्के भार केंद्राने आणि उरलेला राज्याने उचलायचा होता. प्रत्यक्षात वर्षे उलटली तरी रक्कम हाती पडेना. दुसरा प्रश्न १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या, नेट-सेट नसलेल्या अध्यापकांच्या सेवेचा होता. या मागण्यांसाठी ‘एमफुक्टो’ या राज्यव्यापी महासंघाने ४ फेब्रुवारी २०१३ पासून विद्यापीठ परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. पुढे शासनाने थकबाकी हप्त्यांनी देण्याची तयारी दाखवली; नेट-सेटचा प्रश्न मात्र अधांतरी राहिला.

म्हणजे देकार एकच, पण त्याचे अर्थ दोन होते. माझ्यासारख्या सेट उत्तीर्ण होऊन लागलेल्यांच्या पदरात सगळेच पडत होते. आमच्याच विभागातले एक ज्येष्ठ सहकारी १९९४ साली नेमलेले. त्यांना थकबाकी मिळाली तरी त्यांच्या एकोणीस वर्षांच्या अध्यापनाला सेवा म्हणायचे की नाही, हे अनिश्चितच राहणार होते. आमच्या शाखेची सभा भरली ती या देकारावर मत कळवण्यासाठी. हात वर करून कौल घ्यावा की चिठ्ठ्या टाकाव्यात, यावरच पाऊण तास गेला. अखेर चिठ्ठ्या ठरल्या. ‘स्वीकारावा’ किंवा ‘नाकारावा’, एवढेच लिहायचे. अनेकार्थता हा ज्यांच्या अध्यापनाचा विषय, त्यांच्या हाती दोनच शब्द आले होते.

त्या आठवड्यात मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी घ्यायला गेले असता एका विद्यार्थिनीचे वडील भेटले. मुलगी तृतीय वर्षाला, घरातली पहिली पदवीधर होऊ घातलेली. त्यांनी तक्रार केली नाही. लिलावाकडे बोट दाखवून एवढेच म्हणाले, “मॅडम, भाव पडला तरी आम्हाला मासळी अडवून धरता येत नाही, ती नासते. तुम्हाला पेपर अडवून धरता येतात.”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि संघटनेच्या पत्रकांतही ते सापडले नाही. कारखान्यातला संप मालकाचे उत्पादन अडवतो. आम्ही अडवत होतो ते शासनाचे काहीच नव्हते, त्या मुलीचे वर्ष होते. आमची सौदाशक्ती आम्ही दुसऱ्याच्या खिशातून काढली होती. हे कळूनही हक्क खोटा ठरत नाही, हीच त्यातली खरी अडचण.

सभेत ते ज्येष्ठ सहकारी उठले आणि म्हणाले, “माझ्यासाठी मुलांना थांबवू नका. देकार स्वीकारा.” सभागृहात कोणी वर पाहीना. त्यांच्या औदार्याचा मान राखायचा तर ‘स्वीकारावा’ लिहायला हवे होते. मी ‘नाकारावा’ लिहिले. आपला वाटा सोडण्याचा अधिकार माणसाला असतो. पण त्याने तो सोडला म्हणून आपण आपला उचलून घरी जावे, हे मला पटेना. त्याच वेळी ती मुलगीही डोळ्यांसमोर होती. तिला त्या चिठ्ठीवर जागा नव्हती.

बहिष्कार ९६ दिवस चालला आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १० मे २०१३ रोजी मागे घेतला गेला. शासनाने ७१ दिवसांचे वेतन रोखले. ते मिळावे ही मागणी २०१८च्या आंदोलनापर्यंत पुरली. २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने त्या अध्यापकांच्या सेवेला मान्यता दिली, पण त्या निर्णयाच्या दिनांकापासून. एकोणीस वर्षे शिकवलेला माणूस कागदावर त्या दिवशी रुजू झाला. मुलगी पदवीधर झाली, उशिराने.

आता सातवा आयोगही लागू होऊन गेला. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण सहकारी आहेत. तास झाला तर पैसे, सुटी लागली की हिशेब कोरा. त्यांच्या कमाईला कागदोपत्री ना ‘पगार’ म्हणतात ना ‘वेतन’, ‘मानधन’ म्हणतात. आमच्या शाखेच्या मतदारयादीत त्यांची नावे नाहीत. पुढच्या देकाराच्या वेळी चिठ्ठ्या वाटल्या जातील, तेव्हा त्या मोजण्याआधी कोणाकोणाला दिल्या हे मोजावे, असे मी शाखेच्या गेल्या सभेत मांडले. विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला आहे.