मिसिसिपी ते काळाचौकी

लालबागहून काळाचौकीमार्गे कॉटन ग्रीनकडे चालत गेल्यास बंद गिरण्यांच्या खुणा आजही दिसतात. शाळेत कापड उद्योग एका धड्यात येतो, अमेरिकेचे यादवी युद्ध दुसऱ्या. दोहोंना जोडणारा धागा मात्र सहसा कोणी दाखवीत नाही.

१८६१ मध्ये ते युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मागणी मुंबईकडे वळली. वऱ्हाड, खानदेश व गुजरातच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशावर नव्या बँका, समुद्र हटविणाऱ्या भराव कंपन्या आणि शेअरांचा सट्टा फोफावला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. शेअरांच्या तारणावर सढळ कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. बँकेत हयात घालविलेल्या माझ्यासारख्याला हा धडा विशेष बोलका वाटतो.

त्या सट्ट्याचे अग्रणी प्रेमचंद रायचंद जैन समाजातील. त्यांनी भरभराटीच्या काळात मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून, मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. मंदी ओसरल्यावर परळ-लालबागेत गिरण्या वाढत गेल्या आणि कोकण व घाटावरून आलेली माणसे तेथील चाळींत विसावली.

वाचकहो, सुटीत नातवंडांना हा रस्ता चालवावा आणि नकाशावर मिसिसिपीपासून काळाचौकीपर्यंत रेघ ओढायला सांगावे. भूगोल आणि इतिहास एकाच वहीत मावतात, हे त्यांना आपोआप कळेल.